ताकातली गोळी

माझा नवरा सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर जुने परदेशी सिनेमे दाखवायचा. पडदा म्हणजे भिंतीला ठोकलेली पांढरी चादर, खुर्च्या वाचनालयाच्या, प्रोजेक्टर त्याचा स्वतःचा. पंधरा-वीस माणसं यायची. दोन-तीन बँकवाले, एक दातांचे डॉक्टर, कॉलेजची काही मुलं आणि आमच्या लहान मुलीला मांडीवर घेऊन मी. सिनेमा सुरू व्हायच्या आधी तो दहा मिनिटं मराठीत बोलायचा. इंग्रजी न कळणाऱ्यांनाही गोष्ट समजावी म्हणून. काही जण तेवढं ऐकायलाच येत आणि सिनेमा सुरू झाला की चहाला निघून जात.

त्याचा सगळ्यांत आवडता सिनेमा एक काळा-पांढरा अमेरिकन राजकीय थरारपट होता. लढाईत शत्रूच्या हाती सापडलेल्या एका सैनिकाच्या डोक्यात त्याच्या नकळत काहीतरी पेरतात आणि त्याला घरी पाठवतात. घरी आल्यावर त्याचा वीर म्हणून सत्कार होतो. त्याला स्वतःला कशाचाच पत्ता नसतो. ठरलेली खूण झाली की मात्र तो सांगतील ते करतो. या सगळ्याच्या मागे मोठं राजकारण असतं आणि त्याची दोरी ज्या हातात असते तो हात शेवटी त्याच्या घरातलाच निघतो.

वर्षातून एकदा तरी तो हा सिनेमा लावायचा. आधी सांगायचा, ब्रेनवॉशिंग म्हणजे जादूटोणा नव्हे. ते हळूहळू होतं. थकलेल्या, एकट्या पडलेल्या माणसावर होतं. आणि ज्याच्यावर होतं त्याला वाटतं, आपण आता पहिल्यापेक्षा शहाणे झालो. मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. हे सगळं त्याच्या बाबतीत, आमच्या दोन खोल्यांत घडेल असं मला कधी वाटलं नाही, आणि घडायला लागलं तेव्हाही मला पुष्कळ दिवस ते ओळखू आलं नाही.

मी एका सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तान्ह्या बाळांना लसी टोचणं हे माझं रोजचं काम. नवऱ्याला पन्नाशीच्या तोंडावर साखर निघाली, तेव्हा त्याची तपासणी मीच करायची, गोळ्या मीच आणायची. त्याने कधी कुरकुर केली नाही. सकाळी नाश्त्याआधी गोळी, दुपारी जेवणानंतर वाटीभर ताक, संध्याकाळी तळ्यापर्यंत चालणं, असं आठ-नऊ वर्षं सुरळीत चाललं.

मग कोरोना आला. कॉलेज बंद, माडी बंद. मी पीपीई किट घालून दिवस दिवस बाहेर आणि तो घरात एकटा. त्यातच ते दातांचे डॉक्टर आजारी पडले. माडीवर रविवार न चुकवणारा त्याचा तो एकच जवळचा मित्र. भरती झाले आणि परत आले नाहीत. चेहराही कोणाला बघायला मिळाला नाही. नवरा मला विचारायचा, आत नेमकं काय झालं? कोणतं औषध दिलं? कागद का दाखवत नाहीत? मी दमून आलेली असायची. मी म्हणायची, सगळीकडे हेच चाललंय, आता कोण कागद दाखवत बसणार. आज वाटतं, तेव्हा मी त्याच्याजवळ बसायला हवं होतं. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याच्यापाशी बसलं ते माणूस मोबाइलमध्ये होतं.

ते एक पांढरा सदरा घातलेले गृहस्थ होते. शांत आवाजात, हळू बोलायचे. म्हणायचे, साखर हा रोगच नाही, औषध कंपन्यांनी तो बनवलाय. गोळी खाणारा माणूस कधी बरा होत नाही, कारण तो बरा व्हायलाच नकोय. सुरुवातीला नवरा हसत हसत मला ते दाखवायचा. पुढे हसणं थांबलं. मग तो त्यांच्या एका ग्रुपमध्ये गेला. तिथे दिवसभर लोक आपापले अनुभव लिहायचे, आणि चाळीस मुलांचा वर्ग ज्याने तीस वर्षं सांभाळला तो माणूस आता कानात तार घालून पलंगावर बसून ते वाचत राहायचा. लॉकडाऊन उठला, तो रिटायर झाला, माडी वाचनालयाने दुसऱ्या कोणाला दिली. त्याने पुन्हा ती मागितली नाही.

एके दिवशी कचऱ्याच्या डब्यात मला गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली.

मी सगळं करून बघितलं. समजावलं, रिपोर्ट दाखवले, भांडले, रडले. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आले. तो त्यांच्याशी अतिशय नम्रपणे बोलला, त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर म्हणाला, "तुमच्या मोठ्या साहेबांना कळवा, माणूस अजून जागा आहे म्हणून." मी म्हटलं, कोण मोठे साहेब? तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. कीव होती. आजारी माणसाकडे आपण बघतो तशी.

मग मी माझ्या मते फार हुशारीने तो सिनेमाच मध्ये आणला. म्हटलं, तुम्हीच सांगत होता ना, ज्याच्यावर होतं त्याला आपण शहाणे झालो असं वाटतं म्हणून? तुमचंच तसं झालं असेल तर?

तो लगेच म्हणाला, "आणि त्या सिनेमात हे सगळं करणारं माणूस कुठलं असतं? घरातलंच ना?"

रोज सकाळी मी लस टोचायला बसायची आणि एखादी नवी आई बाळाला छातीशी धरून विचारायची, सिस्टर, चांगली आहे ना ही सुई? मी हो म्हणायची. म्हणताना माझा आवाज मलाच पढवल्यासारखा वाटायला लागला होता.

तो बोटाला सुई लावू देत नव्हता, त्यामुळे साखर मोजायची सोय राहिली नव्हती, पण मला डोळ्यांनी दिसत होतं. सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, चेहरा उतरत चाललेला. हरभऱ्याएवढी जखम महिनाभर ओली राहायची. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला मी रोज फोन करायची. ती बापाशी तासतासभर बोलायची आणि शेवटी रडत फोन ठेवायची. एकदा ती मला म्हणाली, "आई, विचारू नकोस आता. जेवणातून दे." मी म्हटलं, हे बरोबर नाही. ती म्हणाली, बाबांना मरू देणं बरोबर आहे का?

मी सिस्टर आहे. रुग्णाला न सांगता औषध द्यायचं नसतं हे मला ठाऊक आहे, आणि जेवण चुकलं तर साखर एकदम उतरते म्हणून ही गोळी किती जपून द्यायची तेही ठाऊक आहे. तरी दुसऱ्या दिवसापासून मी लहानशी गोळी दोन चमच्यांमध्ये चिरडून त्याच्या दुपारच्या ताकात घालायला लागले. वरून जिरेपूड, मीठ. कामावर जाताना ताक फ्रीजमध्ये झाकून ठेवायची. तो जेवल्यावर प्यायचा. संध्याकाळी आले की पहिल्यांदा मी मोरीतलं ते भांडं बघायची. रिकामं दिसलं की जीव भांड्यात पडायचा आणि लगेच स्वतःचीच किळस यायची.

पंधरा दिवसांत त्याची तहान कमी झाली. जखम सुकली. तो पुन्हा चालायला जायला लागला, मला फुलं आणून द्यायला लागला. एकदा स्वतःहून बाहेरच्या प्रयोगशाळेत रक्त तपासून आला. साखर पुष्कळच खाली आलेली होती. रिपोर्ट त्याने माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाला, "गोळी सोडून सहा महिने झाले." इतका आनंदी चेहरा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. मी रिपोर्ट वाचल्यासारखं केलं आणि भाकऱ्या करायला उठले.

त्याने तो रिपोर्ट ग्रुपवर टाकला. खाली लांबलचक अनुभव लिहिला. त्याचं मराठी सुरेख आहे. शेकडो लोकांनी वाचलं असेल. आठवड्याने वेळापूरहून एका रिटायर्ड गृहस्थांचा फोन आला. नवऱ्याने मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. ते गृहस्थ म्हणत होते, सर, तुमचं वाचलं आणि मीपण गोळ्या बंद केल्या. तुमचे उपकार झाले.

एका माणसाला वाचवायला मी ताकात गोळी घातली होती आणि ती गोळी आता दुसऱ्या माणसाला मारायला निघाली होती. सदऱ्यावाल्या गृहस्थांना हवा होता तो पुरावा माझ्या स्वयंपाकघरात तयार झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर मी त्याच्या मोबाइलमधून तो नंबर उतरवून घेतला आणि दवाखान्यातून फोन लावला. त्यांच्या पत्नीने उचलला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे तुम्ही आमच्या यांना सांगा की. मी म्हटलं, ते माझ्या यांना सांगतील. त्या म्हणाल्या, मग मी तरी काय सांगू? त्यांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी दोन-तीनदा केला, तो कोणी उचलला नाही.

असे आणखी तीन महिने गेले. मी गोळी थांबवली नाही. थांबवली तर पुन्हा सगळं पहिल्यासारखं होईल याची भीती, आणि चालू ठेवली तर कधीतरी कळेल याची भीती. दोन्हींच्या मध्ये मी रोज सकाळी दोन चमचे हातात घेऊन उभी राहायची.

वैशाखातली गोष्ट. बाराचा सुमार होता, मी लसीकरणाच्या टेबलावर होते. फोन वाजला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टॉवेल-चादरींचं दुकान आहे, तिथल्या मालकांचा. सर रस्त्यात पडलेत, म्हणाले. घामाने भिजलेत, ओळखत नाहीत. मी समोरच्या बाळाची लस तशीच दुसऱ्या सिस्टरकडे सोपवून धावले.

पुढे कळलं ते असं. त्या सदऱ्यावाल्या गृहस्थांनी ग्रुपला तीन दिवसांचा उपास सांगितला होता. फक्त पाणी आणि ताक घ्यायचं. मी भांडेन म्हणून त्याने मला ते सांगितलं नव्हतं. डब्यातली भाकरी तो दोन दिवस गायीला घालत होता. पोटात अन्नाचा कण नाही आणि वर माझं ताक. मी त्याच्यापासून गोळी लपवली होती आणि त्याने माझ्यापासून उपास.

रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडात साखर घालायचा प्रयत्न केला, गिळता येत नव्हतं. जवळच्या दवाखान्यात नेलं. साखर तिसाच्या घरात आली होती, सत्तरच्या खालीच धोका असतो. ग्लुकोज लावलं. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, मला ओळखलं, माझा हात धरला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? तो क्षीण आवाजात म्हणाला, काहीच नाही. नऊ महिने झाले, काहीच घेत नाही.

डॉक्टर म्हणाले, मग इतकी कमी होणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला ठाऊक होतं की त्या गोळीचा असर दिवसभर राहतो. न सांगता घरी नेलं असतं तर रात्रीतून साखर पुन्हा उतरली असती. बाहेर बोलावून सांगता आलं असतं. नंतर मी हजार वेळा स्वतःला विचारलं की डॉक्टरांना मी बाहेर का बोलावलं नाही. त्याने माझा हात धरला होता. तो सोडवून बाहेर जाणं मला जमलं नाही. मी तिथेच गोळीचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "मी देत होते. ताकातून."

त्याने हात लगेच काढून घेतला नाही. आधी विचारलं, "किती दिवस?"

"चार महिने."

मग काढून घेतला. भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस तिथे होतो, तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि मी आणलेलं पाणीही प्यायला नाही. घरी आल्यावर त्याने चार कपडे पिशवीत भरले. जायच्या आधी मोबाइल काढून ग्रुपवर लिहिलं, आणि ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा मागचा अनुभव खोटा होता. माझी पत्नी मला चोरून औषध देत होती. माझ्यामुळे कोणी गोळ्या सोडल्या असतील तर त्यांनी माझ्यावर विसंबू नये.

असा माणूस आहे तो. स्वतःची फजिती जगासमोर मांडायला त्याने एक दिवसही लावला नाही. खाली लगेच उत्तरं यायला लागली. त्यातलं एक मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्यात लिहिलं होतं, बघा सर, ते तुमच्या घरापर्यंत पोचलेत.

तो वळसंगला, त्याच्या गावी गेला. तिथे त्यांची थोडी शेती आहे, धाकटे दीर बघतात. मी फोन केला की दीर उचलायचे आणि कानकोंडं होऊन सांगायचे, "वैनी, दादा बोलत न्हाय म्हनतोय. मी काय करू?" मुलगी जाऊन भेटून आली. त्याने तिला जवळ घेतलं, जेवू घातलं, पण माझं नाव निघताच उठून बाहेर गेला.

त्या दिवसांत संध्याकाळची घरी आले की मला काही सुचायचं नाही. एका संध्याकाळी मी त्याच्या कपाटातली हार्ड डिस्क काढून तो सिनेमा लावला. एकटीने तो बघायची ती पहिलीच वेळ. मला एकच गोष्ट बघायची होती, डोक्यात पेरलेलं उलटं काढायची काही रीत त्यात आहे का. त्यात त्या सैनिकाचा एक जोडीदार असतो, तो त्याला सोडवायला धडपडत असतो. पूर्वी मी दर वेळी त्याच्या बाजूने सिनेमा बघायची. या वेळी मी वही-पेन घेऊन बसले होते. आता हसू येतं. तासाभराने लक्षात आलं की मी वहीत काहीच लिहिलेलं नाही आणि माझी नजर त्या जोडीदारावर नाहीच. जे घरातलं माणूस मायेने जवळ येतं आणि आत दुसराच डाव ठेवतं, त्याच्याकडे मी बघत होते. त्यालाही वाटत असतं की आपण करतोय ते योग्यच आहे. मी सिनेमा अर्ध्यावर बंद केला.

पावसाळा सरता सरता दिरांचा फोन आला. या वेळी ते कानकोंडे नव्हते, घाबरलेले होते. "वैनी, तुमी या. पायात काटा गेलता, सांगितलंच न्हाय त्यानं. आता वास याया लागलाय."

मी पुढच्या एसटीने गेले. घरासमोर लिंबाखाली बाजेवर तो बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. उजव्या पायाला कसला तरी पाला बांधलेला. मी फाटकातून आत येताच मला कळलं. वास ओळखायला मला पाला सोडायची गरज नव्हती. शेजारची एक म्हातारी बाई कानडीत जावेला काहीतरी म्हणाली आणि नाकाला पदर लावून निघून गेली.

मी त्याच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसले. वाटेत खूप जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. त्यानेच सुरुवात केली. म्हणाला, "तू माझ्या ताकात गोळी घालत होतीस."

"हो. घालत होते."

"मी रोज प्यायलो. आनंदाने प्यायलो."

"हो."

"पोरीला माहीत होतं?"

मी नाही म्हटलं. ते खोटं आहे आणि ते मी आजपर्यंत दुरुस्त केलेलं नाही. त्याला कोणीतरी एक माणूस तरी उरायला हवं होतं.

मी म्हटलं, "मी तुम्हाला फसवलं. तुम्ही म्हणत होता तसंच मी केलं, घरातलं माणूस होऊन केलं. त्याला माफी नका देऊ. पण हा पाय आहे ना, तो माझ्या किंवा कोणाच्या सांगण्याने कुजलेला नाही. तो तुम्ही स्वतः बघा."

तो बघत नव्हता. मी हात जोडले. दीर रडायला लागले, जाऊ आत गेली. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. पाय धरायला पुढे सरकले तेव्हा त्याने अंग चोरलं. अनोळखी माणसाची वाटावी तशी त्याला माझी भीती वाटत होती. ते मला दिसलं आणि मग मला एकच गोष्ट उरली.

मी म्हटलं, "मी येत नाही. दवाखाना तुम्ही निवडा. आत भावजी येतील. डॉक्टरांना जे विचारायचं ते तुम्ही विचारा, पटेल तेवढंच करा. मी खोलीत पाऊल टाकणार नाही, कोणाला फोन करणार नाही, डबा पाठवणार नाही. माझी सावली तुमच्या औषधावर पडणार नाही."

तो भावाकडे बघून म्हणाला, "गाडी बोलव."

मी मागून एसटीने आले. तो सोलापुरातल्या एका दवाखान्यात होता. तिथल्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्याशेजारी एक बाक होता. कामावरून सुटले की मी तिथे जाऊन बसायची. पंचवीस वर्षं मी वॉर्डात लोकांच्या नातेवाइकांना सांगत आले होते, बाहेर थांबा, इथे गर्दी करू नका. आता मी बाहेर होते आणि आत कोणती सुई चालली आहे, कोणत्या वेळी, कोणाच्या हाताने, हे मला कळायला मार्ग नव्हता. फॉर्मवर सही दिरांनी केली. रुग्णाशी नाते या रकान्यात भाऊ असं लिहिलं.

पहिल्या दिवशी दीर खाली आले आणि त्यांनी सांगितलं ते असं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. नवऱ्याने त्यांना तासभर प्रश्न विचारले. कंपन्या, कमिशन, गोळ्या, सगळं. त्या चिडल्या नाहीत. कागदावर पायाच्या शिरा काढून दाखवल्या. मग त्याने विचारलं, कोरोनात माझा मित्र वारला, त्याला आत नेमकं काय झालं? दीर म्हणाले, "डाक्टरीण बाई म्हनल्या, मला ठावं न्हाय. मी तितं नव्हते. पन तुमाला कुनीतरी सांगाया पायजे हुतं. तवा दादा गप झाला, वैनी. मग म्हनला, कापा."

मी त्या बाकावर बसून रडले. चहावाल्याने न विचारता चहा आणून ठेवला.

आधी दोन बोटं काढली. चार दिवसांनी पुन्हा नेलं आणि निम्मं पाऊल काढलं. त्यापुढे जखम थांबली. त्या दिवसांत मी देवाकडे काही मागितलं नाही. कोणाच्या नकळत काही मागायची मला भीती बसली होती. एका संध्याकाळी त्याच बाकावर वेळापूरच्या त्या बाईंचा फोन आला. त्यांच्या यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या, सरांनी ग्रुपवर लिहिलेलं वाचून. आधी उचलला नाही, मला माफ करा, म्हणाल्या. मी म्हटलं, ते लिहिणारे आत आहेत, मी बाहेर बसलेय. त्यांना ते काही समजलं नसावं.

दवाखान्यातून तो पुन्हा वळसंगला गेला आणि जखम भरेपर्यंत तिथेच राहिला. मग एके दिवशी कळवलं की येतोय. आला तो काठी टेकत, मोठ्या बुटात कापूस कोंबून. दारातच त्याने सांगितलं की तो राहील, पण स्वयंपाक स्वतःचा करील, पाणी स्वतः भरील आणि औषधाला मी हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. गॅलरीत त्याची वेगळी शेगडी आहे. इन्सुलिन तो स्वतः भरतो, स्वतः टोचून घेतो. मी त्या वेळी दुसऱ्या खोलीत जाते. सुई वाकडी धरतो हे मला दारातून दिसतं, पण मी सांगत नाही. व्हिडिओ तो अजून बघतो. पूर्वीइतके नाही. आपलं चुकलं असं तो कधी म्हणाला नाही, आणि खरं सांगायचं तर ते वदवून घ्यायचा अधिकार मी त्या चार महिन्यांत घालवला. बोलतो माझ्याशी. पेपरमधलं वाचून दाखवतो. मुलगी आली की तिघं एकत्र जेवायला बसतो, तो त्याचं वाढून घेतो, आम्ही आमचं. एकदा मुलीने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, आई, मी बाबांना सांगून टाकू का? मी तिला भाजी ढवळायला लावली.

गेल्या महिन्यात मला ताप आला. दोन दिवस उठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीतून फोडणीचा वास आला आणि थोड्या वेळाने तो काठी टेकत, एका हातात ताटली सावरत आत आला. मुगाची खिचडी होती. माझ्यासमोर ठेवली आणि खुर्चीवर बसला.

मी खायला सुरुवात केली. तो बघत होता. मला वाटलं तो काहीतरी विचारील. पहिल्यांदा वाटलं त्याला वाटत असेल मी खाणार नाही, मग वाटलं हे माझ्याच मनाचे खेळ आहेत. मी खात राहिले.

"मीठ बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

"थोडं कमी आहे."

तो उठला आणि मीठ घेऊन आला. ताटलीच्या कडेला ठेवलं, कालवलं मी. सगळी खिचडी संपवली. त्याने ताटली उचलली आणि मोरीत नेऊन धुतली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, मी कामावर गेले. संध्याकाळी आले तर तो गॅलरीत त्याची भाकरी थापत होता. मी आतल्या गॅसवर माझी थापायला घेतली.